कांदा, कापूस आणि पन्नास टक्के शुल्क: एका सहीवर चालणारा व्यापार कुणाला परवडतो?

निफाडचा_रानवारा (धागाकर्ता)

अमेरिकेनं ७ ऑगस्ट २०२५ ला भारतीय मालावर २५ टक्के शुल्क लावलं आणि २७ तारखेला त्यावर आणखी २५ टक्के चढवले. त्या वेळी आपल्याकडे डावे-उजवे सगळे एका सुरात बोलले, ही दादागिरी आहे. माझंही तेच मत आहे. वरचे २५ टक्के आपण रशियाचं तेल घेतो म्हणून होते. सोलापुरात टॉवेल विणणाऱ्याचा त्या तेलाशी काय संबंध? ब्राझीलवर ५० टक्के लावताना तर तिथल्या माजी राष्ट्राध्यक्षांवर चाललेला खटला हे कारण उघड उघड पुढे केलं गेलं.

मी कांदा पिकवतो, त्यामुळे हा प्रकार मला नवा वाटला नाही. आपण शेजाऱ्यांशी अनेक वर्षं असंच वागत आलोय, आणि त्याची किंमत शेजाऱ्यांनी मोजली, आम्ही मोजली, शेवटी सरकारनंही मोजली. त्यावर बोलावं म्हणून हा धागा.

२९ सप्टेंबर २०१९ ला कांद्याची निर्यात एका दिवसात बंद झाली. पुढच्याच आठवड्यात शेख हसीना दिल्लीत होत्या. भर कार्यक्रमात त्यांनी सांगितलं, की मी आचाऱ्याला कांदा बंद करायला सांगितलंय, तुम्ही आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सभागृह हसलं. पण नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला २५० टकांवर गेला आणि त्यांच्या सरकारला तो विमानानं आणावा लागला. जवळपास एका वर्षानं, १४ सप्टेंबर २०२० ला, आपण पुन्हा तेच केलं. पेट्रापोल, घोजाडांगा, हिली, सीमेवरच्या सगळ्या नाक्यांवर भरलेले ट्रक उभे राहिले. आधी कळवायचं ठरलं होतं, असं बांगलादेशनं लेखी पत्रात म्हटलं. काही दिवसांनी अडकलेल्या मालापैकी २५ हजार टन सोडले, तोवर बऱ्याच गोण्यांना पाणी सुटलं होतं.

मग २०२३. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क. त्या वेळी कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, उन्हाळ कांदा होता. एप्रिलात काढलेला, वजनात आणि सडीत घट सोसून भावासाठी थांबवलेला. मग ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. ती लाल कांद्याच्या ऐन आवकेत. लाल कांदा चाळीत टिकत नाही, काढला की पंधरा-वीस दिवसांत विकावाच लागतो. लासलगावला चार हजारांच्या आसपास असलेला क्विंटल महिना संपायच्या आत निम्म्यावर आला. बंदी ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितली होती, ती तारीख यायच्या आत बेमुदत केली. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली तेव्हा आमच्याकडे जो भडका उडाला, तो ज्यानं पाहिला त्यालाच माहीत. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. १५ मेला पिंपळगाव बसवंतच्या सभेत पंतप्रधान बोलत असताना एक तरुण उठून ओरडला, कांद्यावर बोला. २० मेला मतदान झालं आणि दिंडोरीतून केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या.

माझा मुद्दा एवढाच नाही की आमचं नुकसान झालं. आयात अडवा, निर्यात अडवा, दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. दर किती हा पुढचा प्रश्न, आधी हे सगळं रात्रीत बदलू शकतं हा धोका. परदेशातलं गिऱ्हाईक भाव बघतं, माल बघतं, पण त्याआधी हा माणूस उद्या माल देणार का हे बघतं. २००७-०८ मध्ये आपण बिगर-बासमती तांदूळ अडवला, पाठोपाठ व्हिएतनामनं हात आखडला, आणि थायलंडच्या तांदळाचा भाव काही महिन्यांत तिपटीच्या घरात गेला. जगात तांदूळ कमी नव्हता, एकमेकांवरचा विश्वास संपला होता. त्या एप्रिलात हैतीत अन्नासाठी दंगली झाल्या आणि तिथल्या पंतप्रधानांना जावं लागलं. आपल्या निर्णयानं हैतीचं सरकार पडलं असं मी म्हणत नाही. पण एका देशानं दार लावलं की दुसरा घाबरून लावतो, आणि शेवटी ज्याच्याकडे पिकतच नाही तिथे रस्त्यावर माणसं उतरतात, ही साखळी खरी आहे.

देशाचं हित म्हणून केलेली प्रत्येक अडवणूक शेवटी कुठल्या तरी देशात राजकीय आग लावते, आणि बऱ्याचदा ती फिरून आपल्याच दारात येते, असं माझं ठाम मत आहे. विरोधी मत असेल तर जरूर लिहा.

डोंबिवली_फास्ट

दादा, तुमच्या नुकसानीबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण विरोधी मत आहे आणि ते स्पष्ट लिहिते.

२०१९ च्या डिसेंबरात आमच्याकडे कांदा शंभराच्या वर होता. मी बचत गटाचं काम बघते. आमच्या गटातल्या बायका चार घरची धुणीभांडी करून महिन्याला जे आणतात, त्यातला अर्ध्याहून जास्त पैसा खाण्यावर जातो. त्या किलोनं कांदा घेत नाहीत, पाव किलो घेतात, आणि पाव किलोला भाव नेहमीच जास्त पडतो. त्या दोन महिन्यांत कांदा संपला की आमटी तशीच व्हायची, मुलांच्या डब्यात चटणी-पोळी जायची. सरकारनं त्यांच्याकडे बघायचं नाही तर कुणाकडे बघायचं?

तुम्ही राजकीय धोका म्हणता. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातलं सरकार कांद्यानं पाडलं, हा राजकीय धोका नव्हता का? निवडून आलेल्या सरकारनं ढाक्याच्या स्वयंपाकघराआधी डोंबिवलीच्या स्वयंपाकघराचा विचार केला तर त्यात चूक काय? जागतिक व्यापाराचे नियमसुद्धा अन्नाची टंचाई असताना तात्पुरती निर्यातबंदी करायला परवानगी देतात.

आणखी एक. भाव चढतो तेव्हा तो शेतकऱ्याच्या हातात किती पडतो? चाळीत थांबवणं ज्याला परवडतं तो थांबवतो. लहान शेतकरी मेमध्येच सहा-सात रुपयांनी विकून मोकळा झालेला असतो. निर्यात खुली ठेवा म्हणणाऱ्यात व्यापाऱ्यांचा आवाज मोठा असतो, हेही बोलूया.

निफाडचा_रानवारा

ताई, लहान शेतकऱ्याबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण त्या बाईला पाव किलो कांदा स्वस्त मिळावा म्हणून सरकारकडे बंदीशिवाय दुसरे मार्ग आहेत. २०२३ मध्येच राखीव साठा तीन लाखांवरून पाच लाख टनांवर नेला होता. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था तो २५ रुपये किलोनं विकत होते. तो कांदा वेळेवर, तुमच्या स्टेशनबाहेर पोचवणं हे सरकारचं काम. ते नीट जमत नाही म्हणून नाशिकच्या शेतकऱ्याच्या मालाचं दार बंद करायचं, म्हणजे गरिबाला द्यायच्या सवलतीचा खर्च आमच्या खिशातून काढायचा. तिजोरीतून काढा, आमचा विरोध नाही.

टंचाईत तात्पुरती बंदी चालते हेही खरं. तात्पुरती म्हणजे तारीख पाळणारी. ३१ मार्च सांगून २२ मार्चला बेमुदत करणं त्यात बसत नाही.

काळी_माती_यवतमाळ

भाऊ, तुमचं वाचलं. आता आमचं ऐका, म्हणजे तुमचा खुला व्यापार कुठपर्यंत येऊन थांबतो ते कळेल.

कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क होतं, २०२१ च्या बजेटपासून. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते शून्य केलं. आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंत, दहा दिवसांत म्हणाले ३१ डिसेंबरपर्यंत. कारण काय? अमेरिकेनं कपड्यावर ५० टक्के लावले, आता कापड गिरण्यांना स्वस्त कापूस पाहिजे. म्हणजे फटका वॉशिंग्टननं मारला कापडवाल्याला, आणि सरकारनं तो उचलून कास्तकाराच्या डोक्यावर ठेवला. ऑगस्टात आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पात्या-फुलांवर होती. बियाणं, खत, फवारणी, सगळा पैसा जमिनीत गेलेला. तेव्हा भाव पाडायचा निर्णय आला.

२०२५-२६ च्या हंगामात क्विंटलचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१०, लांब धाग्याला ८,११० होता. कागदावर चांगला होता. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर जायचं तर आधी ॲपवर नोंदणी. मग ग्रेडर ओलावा बघतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, वर कपात, १२ च्या वर परत न्या. त्या वर्षी पाऊस किती लांबला ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या वेचणीचा कापूस हातात घेतला तर गार लागत होता. तो घेऊन केंद्रावर जायची सोय नव्हती, आणि घरात ठेवायला जागा नव्हती. खेडा खरेदीवाला दारात उभा, आठशे-हजार कमी सांगतो, आणि वरून म्हणतो, बाहेरून गाठी येऊन राहिल्या, उद्या एवढाही नाही भेटणार.

तुम्ही म्हणता अडवणूक वाईट. माझ्यासाठी ते ११ टक्केच कुंपण होतं. अमेरिकेतला कापूस उत्पादक सरकारी अनुदानावर उभा आहे. ब्राझीलनं त्यावर जागतिक व्यापार संघटनेत केस जिंकली, आणि अनुदान बंद करायच्या ऐवजी अमेरिकेनं २०१० मध्ये ब्राझीलच्याच शेतकऱ्यांना वर्षाला १४ कोटींवर डॉलर द्यायचं कबूल केलं. स्वतःच्या शेतकऱ्याचं अनुदान सोडलं नाही! अशा माणसासमोर मी बिनकुंपणाचा उभा राहू का?

सोलापूर_पाणीदार

यवतमाळच्या भाऊंचं दुःख खरं आहे, पण दुसऱ्या टोकाला काय झालं तेही ऐकावं. मी टेरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आमचा बराच माल अमेरिकेला जातो. २७ ऑगस्टच्या आधी निघालेला माल सुटला. त्यानंतरच्या ऑर्डरवर तिकडच्या खरेदीदाराचा पहिला मेल सवलत मागणारा, दुसरा माल थांबवायला सांगणारा. टॉवेलवर त्यांचा लोगो विणलेला, रंग त्यांनी ठरवलेले, मापं त्यांची. हा माल दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. पाकिस्तान आमचा थेट स्पर्धक, त्यांच्यावर तेव्हा १९ टक्के होते. ५० आणि १९ यातलं अंतर कुशलतेनं भरून निघणारं नव्हतं.

मागावरचा कामगार आठवड्याच्या पगारावर जगतो. पाळ्या कमी झाल्या की पहिली झळ त्याला. कापूस शुल्क काढल्यानं आम्हाला दिलासा मिळाला, पण सुताच्या किमतीत जेवढा फरक पडला तो त्या ५० टक्क्यांसमोर काहीच नव्हता. तेव्हा कास्तकाराचं नुकसान करून आम्ही वाचलो असंही झालं नाही. दोघंही बुडालो, आणि भांडण मात्र यवतमाळ विरुद्ध सोलापूर असं लागलं. मला राजकीय धोका इथे दिसतो.

कोल्हापूरचा_मास्तर

अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून दोन शब्द. धागाकर्त्याच्या मांडणीशी मी मुळातच असहमत आहे.

संरक्षणवादामुळे राजकीय धोका तयार होतो, हे उलटं आहे. धोका आधीपासून असतो, तो अवलंबून राहण्यात असतो. ४ एप्रिल २०२५ ला चीननं सात दुर्मिळ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. पुणे परिसरातल्या विजेवरच्या दुचाकी बनवणाऱ्यांना काही महिन्यांत उत्पादन घटवावं लागलं. मोटारीतलं मूठभर वजनाचं चुंबक नाही म्हणून अख्खी गाडी उभी. हे चुंबक जगात इतरत्र फारसं का बनत नाही? कारण तीस वर्षं सगळ्यांनी जिथे स्वस्त तिथून घ्या हा धडा पाळला. चीननं मात्र तो पाळला नाही.

इतिहासही बघा. अमेरिका एकोणिसाव्या शतकात उंच आयात शुल्काच्या भिंतीआड मोठी झाली. जपान, दक्षिण कोरिया, दोघांनी आपले उद्योग आधी झाकले, मग बाहेर सोडले. खुल्या व्यापाराचा आग्रह धरणारा बहुतेक वेळा आधीच पुढे गेलेला असतो. आणि नियमांबद्दल म्हणाल, तर जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलंय, अमेरिकेनं सदस्यांच्या नेमणुकाच अडवल्या म्हणून. पंच नसलेल्या मैदानात एकट्यानं नियम पाळायचे, यात मला शहाणपण दिसत नाही. यवतमाळच्या भाऊंचं ११ टक्के कुंपण हे योग्य धोरण होतं. ते काढलं ही चूक.

इलिनॉयहून_अण्णा

मास्तर, मी ज्या राज्यात राहतो तिथे गावाबाहेर पडलं की मक्का आणि सोयाबीनशिवाय काही दिसत नाही. तुमच्या मुद्द्याला इथल्याच एका जुन्या घटनेनं उत्तर देतो. आपल्याकडे ती फारशी कुणाला माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१९७२ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्ही मासळी गायब झाली. त्या मासळीची भुकटी जगभर कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जायची. तिच्या जागी सोयापेंड घेतली जाऊ लागली आणि सोयाबीनचा भाव कडाडला. त्यात रशियानं धान्याची प्रचंड खरेदी केली. अमेरिकेत मांस महागलं, गृहिणी संतापल्या, आणि २७ जून १९७३ ला निक्सन सरकारनं सोयाबीनची निर्यात थांबवली. कारण तेच, जे डोंबिवलीच्या ताईंनी दिलंय: आधी आपलं स्वयंपाकघर.

जपान त्या वेळी आपलं बहुतेक सगळं सोयाबीन अमेरिकेतून घेत होता. टोफू, मिसो, सोया सॉस, त्यांचं रोजचं जेवण त्यावर. बंदी फार काळ टिकली नाही, पण जपाननं घ्यायचा तो धडा घेतला. पुढच्या वर्षी पंतप्रधान तनाका ब्राझीलला गेले. १९७९ पासून जपानी पैसा आणि तंत्रज्ञान ब्राझीलच्या सेराडो नावाच्या पठारी भागात ओतलं गेलं. तिथली लाल, आम्लधर्मी माती नापीक समजली जायची. चुना टाकून आणि उष्ण हवेला चालतील असे वाण काढून ब्राझीलच्या एम्ब्रापा या संशोधन संस्थेनं ती पिकाखाली आणली. आज सोयाबीनच्या उत्पादनात आणि निर्यातीत ब्राझील जगात पहिला आहे. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांचं श्रेय मोठंच, पण गिऱ्हाईकाला दुसरा विक्रेता शोधायला अमेरिकेनं स्वतः पाठवलं.

आणि त्याचा हिशेब पुढे चुकता झाला. २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या शुल्काला उत्तर म्हणून चीननं अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के लावले, कारण ब्राझील हाताशी होता. सरकारला शेतकऱ्यांसाठी दोन वर्षांत २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर करावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये चीननं अमेरिकेकडून एक दाणाही घेतला नाही. इथे कापणीचे दिवस होते, कणग्या भरलेल्या होत्या.

मास्तर, तुम्ही म्हणता धोका अवलंबून राहण्यात असतो. मान्य. पण जपान अमेरिकेवर वर्षानुवर्षं अवलंबून होता आणि त्याला त्यात धोका वाटत नव्हता. तो २७ जूनला वाटू लागला.

कोल्हापूरचा_मास्तर

अण्णा, उत्तम माहिती. पण तुमच्याच उदाहरणाचा शेवट काय झाला? आयोवा, म्हणजे तुमच्या शेजारचं सोयाबीनचं राज्य, २०२० मध्ये आणि २०२४ मध्येही ट्रम्प यांच्याच बाजूनं गेलं, दुसऱ्यांदा तर जास्त मतांनी. शुल्कामुळे ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं त्यांनीच ते लावणाऱ्याला निवडून दिलं. मग राजकीय धोका नेमका कुणाला? दिंडोरीतला निकाल एका कांद्यानं लागला हेही मला पटत नाही. तिथे पक्षफुटीपासून उमेदवारापर्यंत बरंच काही होतं.

इलिनॉयहून_अण्णा

धोका शुल्क लावणाऱ्याला नसतो, हेच तर दुखणं आहे. तो इतरांच्या देशात जाऊन फुटतो. १९३० च्या जूनमध्ये अमेरिकेनं आयात शुल्क वाढवणारा स्मूट-हॉली कायदा केला. हजारावर अर्थतज्ज्ञांनी तो रोखायची विनंती केली होती. जुलैत कॅनडात निवडणूक झाली, तिथलं सरकार पडलं, आणि जशास तसं उत्तर देऊ म्हणणारे बेनेट निवडून आले. २०२५ मध्ये पुन्हा तेच. जानेवारीपर्यंत कॅनडातला लिबरल पक्ष हरणार हे सगळे धरून चालले होते. ट्रम्प यांचं शुल्क आणि कॅनडाला अमेरिकेचं ५१ वं राज्य करायची भाषा सुरू झाली, आणि २८ एप्रिलला त्याच पक्षाचे मार्क कार्नी जिंकले. दोन्ही वेळा कॅनडाच्या मतदारानं अमेरिकेतल्या निर्णयावर मत दिलं. शेजाऱ्यानं असं मत दिलं की मैत्रीचे पुढचे करार अवघड होतात. आयोवाचा शेतकरी कुणाला मत देतो यानं त्यात काही फरक पडत नाही.

दुबई_अल_अवीर

इथल्या भाजी-फळ बाजारात आमचा छोटा गाळा आहे, मूळ गाव सटाण्याजवळ. थोडक्यात सांगतो. भारतीय कांद्याला इथे मान आहे, कारण तिखटपणा आणि टिकाऊपणा. पण २०२३ च्या डिसेंबरनंतर हॉटेलवाल्यांनी पाकिस्तानी, इजिप्तचा, तुर्कस्तानचा, जो मिळेल तो कांदा घेतला. सुरुवातीला नाक मुरडलं, मग आचारी त्याला सरावले. बंदी उठल्यावर मी जुन्या गिऱ्हाइकांकडे गेलो तर त्यांचा प्रश्न भावाचा नव्हता. "सप्टेंबरमध्ये परत बंद करणार नाही ना?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि दिल्लीतल्या कुणाकडेही नसतं. आता ते आमच्याकडून निम्मा घेतात, निम्मा दुसरीकडून, भाव आमचा कमी असला तरी.

निफाडचा_रानवारा

अल अवीरकर, हेच मला सांगायचं होतं. बांगलादेशचंही तसंच झालं. त्यांनी कांद्याचं क्षेत्र वाढवलं, आणि २०२५ मध्ये स्वतःच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून त्यांनीच आयात परवाने रोखून धरले. १ एप्रिल २०२५ पासून आपलं निर्यात शुल्क पूर्ण गेलं, दार उघडलं, आणि समोरून कडी. तिथल्या सरकारनं त्यांच्या शेतकऱ्याकडे बघितलं म्हणून मी त्यांना दोष देऊ शकत नाही, आपणच शिकवलं.

मास्तर, कुंपण असावं की नसावं यावर माझा वाद नाही. यवतमाळच्या भाऊंचे ११ टक्के राहायला हवे होते असं मलाही वाटतं. पण ते १८ ऑगस्टपर्यंत होते आणि १९ ला नव्हते. ज्या सहीनं कुंपण घालता येतं, त्याच सहीनं ते काढता येतं. कोरियानं आपले उद्योग झाकले म्हणता, पण किती वर्षं झाकणार आणि बदल्यात उद्योगानं किती निर्यात करून दाखवायची हे तिथे ठरलेलं असायचं. आपल्याकडे कारखानदाराला आणि शेतकऱ्याला सकाळच्या बातमीवरून कळतं.

म्हणून मागणी मांडतो. एक, ज्या मालाचा करार झालाय, पैसे आलेत किंवा कंटेनर भरलाय, त्याला कुठलाही नवा निर्णय लागू होऊ नये. दोन, निर्यातीवर शुल्क लावायचंच तर कोणत्या भावाला किती, हे आधी जाहीर असावं, म्हणजे ढाक्याचा व्यापारीही लासलगावचा भाव बघून अंदाज बांधेल.

काळी_माती_यवतमाळ

यात तिसरी घाला. पेरणीच्या आधी, म्हणजे मे संपायच्या आत, आयात शुल्क काय राहील ते सांगा आणि पुढच्या मेपर्यंत त्याला हात लावू नका. शुल्क कमी राहणार असेल तर मी तूर वाढवीन, पऱ्हाटी कमी करीन. पात्या लागल्यावर सांगून काय उपयोग? एवढं झालं तर माझं तुमच्याशी भांडण नाही, भाऊ.

सोलापूर_पाणीदार

वर्षभर शुल्क गोठवायला आमचा पाठिंबा आहे, पण एक अट. बाहेरच्या देशानं मध्येच ५० टक्के लावले तर गिरणीला आणि कामगाराला सरकारनं पैशानं उभं करावं, कापसाच्या भावातून नको. नाहीतर पुढच्या ऑगस्टात आम्हीच पुन्हा दिल्लीत जाऊन शुल्क काढा म्हणून बसू, आणि तुम्ही आमच्या नावानं ओरडाल.

डोंबिवली_फास्ट

तुम्ही तिघं आपसात एकमत करताय, चांगलं आहे. पण तुमच्या तिन्ही मागण्यांत विकणाऱ्याची हमी आहे, विकत घेणारीची एकही नाही. अवकाळी पाऊस मे महिन्यात विचारून येत नाही. ऑक्टोबरात लाल कांदा शेतातच सडला, बाजारात शंभर रुपये झाला, आणि सरकार म्हणालं की आम्ही मेमध्ये शब्द दिलाय, तर आमच्या गटातली बाई त्या शब्दाचं काय करणार?

चौथी मागणी मी लिहिते. ज्या दिवशी किरकोळ भाव ठरलेल्या रेषेच्या वर जाईल, त्या दिवसापासून रेशन दुकानात शिधापत्रिकेवर महिन्याला दोन किलो कांदा, राखीव साठ्यातून, ठरलेल्या दरानं. हे आधी कायद्यात लिहा आणि एक वर्ष चालवून दाखवा. मग निर्यात बारा महिने खुली ठेवा, मी स्वतः तुमच्या बाजूनं सही करीन. तोवर माझा विरोध कायम आहे.

निफाडचा_रानवारा

ताई, चौथी मागणी वर धाग्यात जोडतोय, तुमच्या शब्दांत. रेशन दुकानापर्यंत कांदा पोचवायचा तर साठवणूक नाशकात नको, कल्याण-भिवंडीच्या बाजूला हवी, कारण वाहतुकीत दोन दिवस गेले की गोण्या तापतात. त्यावर कुणाकडे प्रत्यक्ष अनुभव असेल तर इथेच लिहा.